सेशन अडकलंय, पण कोणामुळे? ओरॅकलमधले वेट इव्हेंट कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा: ओरॅकल 19सी या डेटाबेसवर बिलिंगचं अ‍ॅप्लिकेशन चालतं. महिनाअखेरीला दुपारी ते अडकतं. व्ही$सेशन (डेटाबेसशी जोडलेल्या प्रत्येक कनेक्शनची, म्हणजे सेशनची, आत्ताची स्थिती दाखवणारा तक्ता) उघडलं की सर्वांत जास्त सेशन्स 'एसक्यूएल*नेट मेसेज फ्रॉम क्लायंट'वर दिसतात, पंचवीस-तीस 'एन्क्यू: टीएक्स - रो लॉक कन्टेन्शन'वर असतात आणि काही 'डीबी फाइल सिक्वेन्शियल रीड'वर. नेटवर्कवाले म्हणतात नेटवर्क ठीक, स्टोरेजवाले म्हणतात डिस्क ठीक. अडकलेली सेशन्स किल केली (जबरदस्तीने तोडली) की पाच-दहा मिनिटं बरं चालतं, मग पुन्हा तेच. यातला नेमका कोणता इव्हेंट त्रास देतोय, आणि हे इव्हेंट वाचायचे कसे?

आधी तुमच्या अडचणीचं उत्तर देतो. तुम्ही किल करताय ती सेशन्स अडकलेली आहेत, अडवणारी नाहीत. अडवणारं सेशन बहुतेक त्या 'मेसेज फ्रॉम क्लायंट'च्या गर्दीत 'इनअ‍ॅक्टिव्ह' असा शिक्का घेऊन बसलंय, आणि निष्क्रिय दिसतं म्हणून तुमची नजर त्याच्यावरून पुढे जाते. रांगेतल्या लोकांना हाकलून रांग हटत नाही, खिडकी अडवून बसलेल्याला गाठावं लागतं. त्याला कसं गाठायचं ते आता क्रमाने बघू.

युजरच्या वतीने काम करणारी ओरॅकलची प्रोसेस कॉल चालू असताना एकतर सीपीयूवर (किंवा सीपीयूच्या रांगेत) असते, नाहीतर कशाची तरी वाट बघत असते. वाट बघायला लागण्याआधी ती 'मी अमुक गोष्टीसाठी थांबतेय' अशी नोंद करते आणि थांबणं संपलं की किती वेळ गेला ते लिहून ठेवते. ही नोंद म्हणजेच वेट इव्हेंट. 1992च्या ओरॅकल 7पासून ही सोय आहे. आज इव्हेंटच्या नावांची यादी दीड हजाराच्या वर गेलीय, पण रोजच्या कामात वीस-पंचवीसच भेटतात. प्रत्येक इव्हेंटसोबत पी1, पी2, पी3 असे तीन आकडे येतात. कुठल्या इव्हेंटला त्यांचा अर्थ काय, ते व्ही$इव्हेंट_नेममध्ये दिलेलं असतं. बहुतेक जण इव्हेंटचं नाव वाचून थांबतात आणि हे तीन आकडे बघतच नाहीत. अर्धं निदान त्यातच असतं.

व्ही$सेशनमध्ये 'स्टेटस' आणि 'स्टेट' असे दोन वेगळे कॉलम आहेत. 'स्टेटस' सांगतो की सेशन कॉलमध्ये आहे की नाही: अ‍ॅक्टिव्ह, इनअ‍ॅक्टिव्ह, किल्ड. 'स्टेट' सांगतो की ते आत्ता खरंच थांबलंय का. 'स्टेट'मध्ये 'वेटिंग' असेल तरच 'इव्हेंट' कॉलममधलं नाव आत्ताचं समजायचं. तिथे 'वेटेड शॉर्ट टाइम' किंवा 'वेटेड नोन टाइम' असेल तर थांबणं संपलंय, सेशन सीपीयूवर आहे आणि 'इव्हेंट'मध्ये दिसतंय ते मागच्या थांब्याचं नाव आहे. तुमच्या त्या 'सिक्वेन्शियल रीड'वाल्या सेशन्सचं 'स्टेट' तपासा. त्यातली बरीचशी डिस्कसाठी थांबलेली नसतील, मेमरीतले ब्लॉक पुन:पुन्हा वाचत सीपीयू जाळत असतील. स्टोरेजवाल्यांकडे तक्रार न्यायच्या आधी हे बघणं त्यांच्यासाठी आणि आपल्यासाठीही बरं. किती वेळ थांबलंय ते 'वेट_टाइम_मायक्रो'त मायक्रोसेकंदात मिळतं, आणि सेशन थांबलेलं नसेल तर मागचा थांबा संपून किती वेळ झाला ते 'टाइम_सिन्स_लास्ट_वेट_मायक्रो'त.

आता ती मोठी गर्दी. 'एसक्यूएल*नेट मेसेज फ्रॉम क्लायंट' म्हणजे डेटाबेसने आपलं काम संपवलंय आणि पुढचा हुकूम यायची तो वाट बघतोय. नाव नेटवर्कचं असलं तरी ओरॅकल त्याला 'आयडल' या वर्गात टाकतं. कनेक्शन पूलमधली (आधीच उघडून ठेवलेली) दोनशे कनेक्शन्स रिकामी असतील तर दोनशे सेशन्स या इव्हेंटवर दिसणारच, त्यात काही वावगं नाही. म्हणून आपण सगळे क्वेरीत 'वेट_क्लास आयडल नसलेली' अशी अट घालतो. ती अट बरोबरच आहे, फक्त तिच्यामुळे अडवणारं सेशनही यादीतून गळतं. ज्याने अपडेट केलंय, कमिट केलेलं नाही (बदल कायम केलेला नाही) आणि जे आता अ‍ॅप्लिकेशनच्या पुढच्या हुकमाची वाट बघतंय, ते सेशन डेटाबेसच्या दृष्टीने आयडलच असतं. त्याच्या हातातलं लॉक, म्हणजे बदललेल्या ओळीवरचा ताबा, मात्र जिवंत असतं.

त्याला शोधायला 'ब्लॉकिंग_सेशन' हा कॉलम आहे. अडकलेल्या प्रत्येक सेशनसमोर त्याला थेट अडवणाऱ्याचा एसआयडी (सेशनचा क्रमांक) तिथे असतो. पण साखळी लांब असू शकते: 'अ'ला 'ब'ने अडवलंय, 'ब'ला 'क'ने. म्हणून ओरॅकलच्या 11जी आर2 आवृत्तीपासून 'फायनल_ब्लॉकिंग_सेशन' आलाय, तो सरळ साखळीच्या टोकाशी नेतो. तीस सेशन्स अडकलेली असताना या कॉलमवर गट करून मोजणी केली की बहुतेक वेळा एकच एसआयडी वर येतो. आरएसी (एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवरून, म्हणजे नोडवरून, चालवायची रचना) असेल तर 'फायनल_ब्लॉकिंग_इन्स्टन्स'ही बघा, कारण अडवणारं सेशन दुसऱ्या नोडवर असेल तर त्याच एसआयडीचं इथलं निरपराध सेशन तुम्ही मारून बसाल. साखळीचं चित्र आयतं हवं असेल तर व्ही$वेट_चेन्समध्ये मिळतं.

एसआयडी मिळाला की लगेच किल करू नका, आधी त्याची चौकशी करा. 'मशीन', 'प्रोग्रॅम', 'मॉड्यूल', 'क्लायंट_आयडेंटिफायर' यावरून ते कुठल्या सर्व्हरवरून आणि कोणासाठी चाललंय ते कळेल. 'लास्ट_कॉल_ईटी' सांगेल की शेवटचा कॉल संपून किती सेकंद झाले. व्ही$सेशनमधला 'टीएडीडीआर' व्ही$ट्रान्झॅक्शनशी जोडला की ट्रान्झॅक्शन कधी सुरू झालं आणि त्यात किती अनडू रेकॉर्ड्स (बदल मागे घेण्यासाठीच्या नोंदी) आहेत ते मिळेल. ते सेशन आत्ता काही चालवत नसल्यामुळे 'एसक्यूएल_आयडी' रिकामा दिसेल आणि तुम्ही साहजिकच 'प्रीव्ह_एसक्यूएल_आयडी'कडे वळाल. तिथली क्वेरी म्हणजेच लॉक घेणारी क्वेरी असं धरून चालू नका. लॉक दहा स्टेटमेंटआधी घेतलेलं असू शकतं आणि शेवटचं स्टेटमेंट एखादं साधं सिलेक्ट असू शकतं. डेव्हलपरला ते सिलेक्ट दाखवलं तर तो म्हणेल, 'सिलेक्टने कुठे लॉक होतं?', आणि त्याचं बरोबरच असेल. कुठल्या टेबलांवर लॉक आहे ते व्ही$लॉक्ड_ऑब्जेक्टमधून काढा.

लॉक कुठल्या ओळीवर आहे, तेही शोधता येतं. अडकलेल्या सेशनच्या नोंदीत 'रो_वेट_ओबीजे#', 'फाइल#', 'ब्लॉक#' आणि 'रो#' असे चार कॉलम असतात. त्यावरून डीबीएमएस_रोआयडी पॅकेजच्या रोआयडी_क्रिएटने रोआयडी (ओळीचा डेटाबेसमधला पत्ता) बनतो आणि त्या रोआयडीने टेबलातली नेमकी ओळ दिसते. इथे एक बारकावा सांभाळायचा. 'रो_वेट_ओबीजे#' हा डीबीए_ऑब्जेक्ट्समधला ऑब्जेक्ट_आयडी असतो, तर रोआयडी बनवायला डेटा_ऑब्जेक्ट_आयडी लागतो. टेबल नवीन असताना दोन्ही आकडे सारखे असतात, पण ते कधी ट्रंकेट किंवा मूव्ह झालेलं असेल तर वेगळे होतात आणि मग चुकीची ओळ मिळते किंवा एररच येते.

पी1 मात्र त्याहीआधी बघा. टीएक्स लॉकसाठी (ट्रान्झॅक्शनने धरलेल्या लॉकसाठी) पी1मध्ये लॉकचा प्रकार आणि मोड (ते किती कडक आहे) एकत्र दडलेले असतात. आकडा 1415053318 असेल तर मोड 6 आहे: दोन सेशन्सना एकच ओळ बदलायचीय. 1415053316 असेल तर मोड 4. तिथे गोष्ट वेगळी असते. एकाने युनिक की असलेली ओळ घातलीय पण कमिट केलेली नाही, दुसराही तीच की घालतोय. किंवा टेबलावर बिटमॅप इंडेक्स (एकाच नोंदीत अनेक ओळी बांधणारा) आहे, आणि वेगवेगळ्या ओळी बदलणारेही एकमेकांना अडवतायत. रोज व्यवहार होणाऱ्या टेबलावर बिटमॅप इंडेक्स सापडला तर तो काढायची चर्चा त्याच दिवशी सुरू करा. मोड 4मध्ये वरचे 'रो_वेट'वाले कॉलम ओळ दाखवतीलच असं नाही, म्हणून मोड बघितल्याशिवाय रोआयडीच्या मागे लागू नका.

तुम्ही बिलिंग आणि महिनाअखेर म्हणालात, म्हणून एक अंदाज करतो. अशा कितीतरी अ‍ॅप्लिकेशन्समध्ये ओळ शोधत गेलं की शेवटी एका चिमुकल्या टेबलाशी येऊन थांबावं लागतं: 'पुढचा बिल क्रमांक' ठेवणारं टेबल. त्यात प्रत्येक मालिकेसाठी एक ओळ. प्रत्येक बिल ती ओळ अपडेट करतं, क्रमांक घेतं, मग बिलाची ओळ, मालाच्या ओळी, स्टॉक, लेजर, कर असं सगळं करून शेवटी कमिट करतं. तेवढा वेळ पुढचा प्रत्येक जण त्या एका ओळीसाठी खोळंबतो. अलीकडे यात आणखी एक पायरी आलीय. ई-इन्व्हॉइस लागू असलेल्यांना बिल इन्व्हॉइस रजिस्ट्रेशन पोर्टलला पाठवून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) घ्यावा लागतो, आणि आयआरएन बनवायला बिल क्रमांकही लागतो, म्हणजे क्रमांक आधी हवा. मग डेव्हलपर काय करतो? क्रमांक घेतो, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये बाहेर एचटीटीपी कॉल करतो, उत्तर आलं की आयआरएन लिहितो आणि मग कमिट. त्या कॉलच्या काळात डेटाबेसमधलं सेशन काय करत असतं? 'एसक्यूएल*नेट मेसेज फ्रॉम क्लायंट'.

हिशोब करून बघा. क्रमांकाची ओळ घेतल्यापासून कमिटपर्यंत तीन सेकंद लागत असतील तर त्या मालिकेत मिनिटाला 20 बिलंच होऊ शकतात. सर्व्हरला 64 कोअर असोत, स्टोरेज कितीही वेगवान असो, आकडा 20च राहणार. महिन्याच्या इतर दिवशी मिनिटाला दहा-बारा बिलं होत असतात म्हणून कोणाला काही जाणवत नाही. महिनाअखेरीला मिनिटाला तीस यायला लागली की रांग दर मिनिटाला दहाने वाढत जाते. त्यात बाहेरच्या कॉलला टाइमआउट लावलेला नसेल आणि एखादा कॉल लटकला, तर ती ओळ अनिश्चित काळ बंद. सेशन्स किल केल्यावर पाच-दहा मिनिटं बरं का वाटतं, तेही यात आलं. रांग रिकामी होते, पण बिलं येण्याचा वेग तोच असतो.

उपाय सिक्वेन्स (डेटाबेसचा आपोआप क्रमांक देणारा काउंटर) वापरा, असा लगेच सुचतो. पण जीएसटीच्या नियम 46नुसार बिलांना सलग अनुक्रमांक लागतो, 16 अक्षरांपर्यंतचा आणि त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव. सिक्वेन्समध्ये रोलबॅक (बदल मागे घेणं) किंवा कॅशमुळे खाडे पडतात, त्यामुळे अकाउंट्सवाले नाही म्हणतात आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. मात्र तोच नियम एक किंवा अनेक मालिका चालवायची मुभा देतो. शाखेनिहाय किंवा काउंटरनिहाय मालिका केली की एका गरम ओळीच्या दहा ओळी होतात आणि रांग वाटली जाते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाहेरचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा. बाकी सगळं लिहून झाल्यावर अगदी शेवटी क्रमांक घ्या, 'आयआरएन बाकी' अशा स्थितीत बिल कमिट करा. मग पोर्टलला कॉल करा आणि आलेला आयआरएन दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. पोर्टलने बिल नाकारलं तरी क्रमांक हरवत नाही, बिल त्या क्रमांकावर दुरुस्तीसाठी उभं असतं. असं केलं की लॉक तीन सेकंदांऐवजी काही मिलिसेकंद धरलं जातं, आणि तुमचा 'रो लॉक कन्टेन्शन' इव्हेंट डेटाबेसमधला एकही पॅरामीटर न बदलता यादीतून जवळजवळ नाहीसा होतो.

किल करायचंच असेल, कारण दुपारी एक वाजता डिझाइन बदलता येत नाही, तर साखळीच्या टोकाचं एकच सेशन मारा. एसआयडी आणि सीरियल# दोन्ही घ्या, आरएसीत इन्स्टन्सचा क्रमांकही. त्याआधी व्ही$ट्रान्झॅक्शनमधला 'युज्ड_यूआरईसी' बघा. तिथे पाच-पन्नास रेकॉर्ड्स असतील तर रोलबॅक चुटकीसरशी होईल. चाळीस लाख असतील तर थांबा: किल केल्यावर तेवढं सगळं उलटं फिरवावं लागेल, लॉक तोपर्यंत सुटणार नाही, आणि कदाचित ते काम पूर्ण होऊ देणंच लवकरचं ठरेल. आणखी एक शक्यता तपासा. 'लास्ट_कॉल_ईटी' तासभराचा असेल आणि अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर त्या कनेक्शनला कोणीच वाली नसेल, तर कोडने एक्सेप्शन आल्यावर रोलबॅक न करता कनेक्शन वाऱ्यावर सोडलंय. तो दोष डेव्हलपरच्या 'फायनली' ब्लॉकमध्ये सापडेल. डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) कितीही सेशन्स मारली तरी तो तिथून हलणार नाही.

आता 'डीबी फाइल सिक्वेन्शियल रीड'. नावावरून वाटतं त्याच्या उलट, हा एकेका ब्लॉकचा रीड असतो, बहुधा इंडेक्सवरून टेबलाकडे जाताना होणारा. पी1 म्हणजे फाइल, पी2 म्हणजे ब्लॉक, पी3 म्हणजे किती ब्लॉक, आणि ते एकच असतात. एकदम अनेक ब्लॉक वाचले तर 'डीबी फाइल स्कॅटर्ड रीड' दिसतो, आणि 11जीपासून मोठ्या टेबलांचे फुल स्कॅन बऱ्याचदा बफर कॅश (मेमरीतला ब्लॉकचा साठा) टाळून 'डायरेक्ट पाथ रीड'ने होतात. सिक्वेन्शियल रीड दिसला म्हणजे आजार आहे असं नाही. डेटाबेस डेटा वाचतोय, एवढंच. दोन आकडे वेगळे काढा: एका रीडला लागणारा वेळ आणि रीडची संख्या. वेळेचं वाटप व्ही$इव्हेंट_हिस्टोग्राममध्ये दिसतं. सरासरी अर्धा मिलिसेकंद येत असेल तर स्टोरेज उत्तम आहे आणि स्टोरेजवाल्यांना फोन करण्यात अर्थ नाही. तरीही क्वेरी तीन लाख ब्लॉक वाचत असेल तर 150 सेकंद त्यातच जातील. तिथे प्लॅन (क्वेरी चालवायची ओरॅकलने निवडलेली पद्धत) बघायचा: कालपर्यंत हॅश जॉइन करणारी क्वेरी आज नेस्टेड लूपवर गेलीय का, स्टॅटिस्टिक्स कधी घेतली, ऑप्टिमायझरचा ओळींचा अंदाज आणि प्रत्यक्ष ओळी यात किती तफावत आहे. हिस्टोग्राममध्ये बहुतेक रीड एक मिलिसेकंदाच्या आत आणि थोडे पण नियमितपणे 64 किंवा 128 मिलिसेकंदांच्या खणात पडत असतील, तर सरासरी चांगली दिसते आणि त्रास मात्र खरा असतो. अशा वेळी हिस्टोग्राम घेऊन स्टोरेजवाल्यांकडे जरूर जा.

'लॉग फाइल सिंक'बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बिलिंगच्या सिस्टिममध्ये तो भेटल्याशिवाय राहत नाही. कमिट केलं की रीडू (बदलांची नोंदवही) डिस्कवर उतरेपर्यंत सेशन यावर थांबतं. त्याच्या सोबतीला एलजीडब्ल्यूआरचा (रीडू लिहिणाऱ्या प्रोसेसचा) 'लॉग फाइल पॅरलल राइट' बघायचा. दोन्ही जवळपास सारखे आणि दोन्ही जास्त असतील तर रीडूची डिस्क संथ आहे. राइट अर्ध्या मिलिसेकंदात होतोय आणि सिंकला मात्र आठ लागतायत, तर एलजीडब्ल्यूआरला सीपीयू मिळत नाहीये किंवा कमिटचा मारा चाललाय. समजा रात्रीच्या जॉबमध्ये जावाचा प्रोग्रॅम दहा लाख ओळी एकेक करून घालतो आणि प्रत्येकीनंतर कमिट करतो. एका कमिटला एक मिलिसेकंद धरला तरी फक्त कमिटची वाट बघण्यात 1000 सेकंद, म्हणजे जवळपास 17 मिनिटं. चार मिलिसेकंद धरले तर तासाच्या वर. तोच लूप पीएल/एसक्यूएल ब्लॉकमध्ये लिहिला तर हा खर्च दिसत नाही, कारण ब्लॉकच्या आतल्या कमिटसाठी ओरॅकल थांबून राहत नाही, ब्लॉक संपताना एकदाच थांबतं. त्यामुळे 'माझ्या टेस्टमध्ये तर वेगात झालं' म्हणणारा डेव्हलपर आणि रात्रभर जागणारा डीबीए, दोघंही खरं बोलत असतात.

'एन्क्यू: टीएम - कन्टेन्शन' दिसला तर पहिला संशय फॉरिन कीवर (चाइल्ड टेबलातून पॅरेंट टेबलाकडे जाणाऱ्या दुव्यावर) घ्या. चाइल्ड टेबलातल्या फॉरिन की कॉलमवर इंडेक्स नसेल आणि पॅरेंटमधली ओळ डिलीट होत असेल किंवा तिची प्रायमरी की अपडेट होत असेल, तर पूर्ण चाइल्ड टेबलावर लॉक येतं. काही ओआरएम (कोडमधून आपोआप एसक्यूएल बनवणाऱ्या लायब्ररी) न बदललेली प्रायमरी कीसुद्धा अपडेटमध्ये घालतात, त्यामुळे हे अनपेक्षितपणे उद्भवतं. इंडेक्स बनवा, विषय संपतो. 'लॉग फाइल स्विच (आर्काइव्हिंग नीडेड)' दिसला आणि लिहिणारं सगळंच थबकलं असेल तर आर्काइव्ह लॉगची (रीडूच्या जपून ठेवलेल्या प्रतींची) जागा भरलीय. बाकी कशाकडे न बघता आधी जागा मोकळी करा, आणि तीही आरएमएएनने (ओरॅकलच्या बॅकअप साधनाने), हाताने फाइली उडवून नव्हे.

'आयडल' वर्गाबद्दल एक पुरवणी. पूल बघताना 'मेसेज फ्रॉम क्लायंट' दुर्लक्षित करणं बरोबर, पण एकाच रिपोर्टचा किंवा जॉबचा तपास करताना तो वेळ हिशोबात धरा. ओरॅकलच्या जेडीबीसी ड्रायव्हरचा (जावातून डेटाबेसशी बोलणाऱ्या दुव्याचा) फेच साइज, म्हणजे एका फेरीत येणाऱ्या ओळी, मुळात 10 असतो. एक लाख ओळी आणायच्या तर 10,000 फेऱ्या. अ‍ॅप्लिकेशन पुण्यात आणि डेटाबेस मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये असेल, आणि एका फेरीला समजा चार मिलिसेकंद लागत असतील, तर 40 सेकंद नुसत्या ये-जा करण्यात जातात. डेटाबेस त्यातला जवळजवळ सगळा वेळ 'आयडल' म्हणून दाखवतो. फेच साइज 500 केला की फेऱ्या 200वर येतात. हे शोधायला डीबीएमएस_मॉनिटरने त्या एका सेशनचा वेटसकट ट्रेस घ्यावा आणि टीकेप्रॉफ या साधनाने वाचावा. त्याच्याइतका स्पष्ट हिशोब दुसरं काही देत नाही.

व्ही$सेशन म्हणजे एका क्षणाचा फोटो, आणि बहुतेक थांबे मिलिसेकंदांचे असतात. एकदा क्वेरी मारून जे दिसलं त्यावर निदान करणं धोक्याचं. 10जीपासून आलेली अ‍ॅक्टिव्ह सेशन हिस्टरी दर सेकंदाला चालू सेशन्सची नोंद घेते. तिथली एक ओळ म्हणजे साधारण एक सेकंद डीबी टाइम (सेशन्सचा कामात किंवा थांबण्यात गेलेला वेळ), त्यामुळे इव्हेंटनिहाय ओळी मोजल्या की वेळ कुठे गेला ते कळतं. डिस्कवर जाणाऱ्या डीबीए_हिस्टमधल्या नोंदी दहापैकी एक असतात, तिथे प्रत्येक ओळीला दहा सेकंद धरा. त्यातल्या 'टाइम_वेटेड' कॉलमची सरासरी मात्र काढू नका. लांब थांबे नमुन्यात सापडण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे आकडा फुगलेला येतो आणि निष्पाप डिस्क बदनाम होते. हे सगळं वापरायला एंटरप्राइज एडिशन आणि डायग्नोस्टिक्स पॅकचं लायसन्स लागतं. टेबल उघडतंय म्हणजे परवानगी आहे असं नसतं, ऑडिटमध्ये हे महागात पडतं. लायसन्स नसेल तर व्ही$सेशनचीच नोंद दर सेकंदाला एका टेबलात साठवणारा छोटा जॉब लिहा आणि जोडीला स्टॅट्सपॅक (त्या लायसन्सशिवाय चालणारं रिपोर्टचं साधन) लावा. तुमच्यासारख्या प्रश्नाला तेवढं पुरतं.

एडब्ल्यूआर (डायग्नोस्टिक्स पॅकमधलं तसंच साधन) किंवा स्टॅट्सपॅकच्या रिपोर्टमध्ये वरच्या इव्हेंटची टक्केवारी वाचण्याआधी एकूण डीबी टाइम बघा. तासाभराच्या रिपोर्टमध्ये डीबी टाइम 20 मिनिटं असेल तर सरासरी एक-तृतीयांश सेशन काम करत होतं. मग एखादा इव्हेंट 60 टक्के दिसला तरी तो 12 मिनिटांचा मामला आहे, आणि युजरची तक्रार बहुधा डेटाबेसच्या बाहेर शोधावी लागेल. शिवाय तासाच्या सरासरीत पाच मिनिटांचा खोळंबा विरघळून जातो. तुमची तक्रार ठरावीक दुपारची आहे, तर तेवढ्याच मिनिटांच्या नोंदी काढा.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर काम करणाऱ्यांसाठी: विचार हाच, खिडक्या वेगळ्या. 2016च्या 9.6पासून पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये वेट_इव्हेंट_टाइप आणि वेट_इव्हेंट आहेत, आणि अडवणारे पीजी_ब्लॉकिंग_पिड्स या फंक्शनने मिळतात. 'स्टेट' अ‍ॅक्टिव्ह आणि वेट_इव्हेंट रिकामा असेल तर प्रोसेस बहुधा सीपीयूवर आहे. इथला निवांत बसलेला अडवणारा 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' या नावाने उघड दिसतो, ही पोस्टग्रेसची मला आवडणारी गोष्ट. त्याला आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउटने आवर घालता येतो. ऑल्टर टेबलपासून (टेबलाची रचना बदलणाऱ्या आज्ञेपासून) विशेष जपा. ते एखाद्या लांबलेल्या सिलेक्टमागे लॉकसाठी उभं राहतं आणि त्याच्या मागे त्या टेबलाचे सगळे सिलेक्ट अडतात. म्हणून आधी लॉक_टाइमआउट दोन-चार सेकंद ठेवूनच ऑल्टर चालवा.

तुमच्यासाठी पुढच्या महिनाअखेरीच्या आधीची कामं. सेकंदागणिक नोंद घेणारा जॉब आत्ताच चालू करा, आणि त्यात फायनल_ब्लॉकिंग_सेशन, पी1 आणि चारही रो_वेट कॉलम असू द्या. आयडल सेशन्स गाळताना 'व्ही$ट्रान्झॅक्शनमध्ये नोंद असलेली सोडून' अशी अट घाला, म्हणजे अडवणाराही टिपला जाईल. डेव्हलपरना सांगून क्रमांक घेणाऱ्या 'सिलेक्ट फॉर अपडेट'ला 'वेट 5' लावा. पाच सेकंदांत लॉक मिळालं नाही तर ओआरए-30006 येईल, युजरला 'पुन्हा प्रयत्न करा' असं दिसेल आणि पूलमधली सगळी कनेक्शन्स एका ओळीमागे अडकणार नाहीत. अपडेट थेट चालवत असतील तर आधी ते सिलेक्ट घालावं लागेल. एंटरप्राइज एडिशन असेल तर रिसोर्स मॅनेजरमध्ये मॅक्स_आयडल_ब्लॉकर_टाइम 60 सेकंदांवर ठेवा. दुसऱ्याला अडवून निवांत बसलेलं सेशन मग डेटाबेस स्वतःच तोडेल. आणि ती ओळ सापडली की तिचा रोआयडी, टेबलाचं नाव आणि अडवणाऱ्या सेशनचं मॉड्यूल इथे लिहा. बिल क्रमांकाचं टेबल निघालं नाही तर पुढचा शोध त्यावरून घेऊ.